हिवाळ्यातले साधे लग्न: घरच्या घरी करावे की सभागृहात?

हिवाळ्यात, मोजक्या माणसांत आणि शक्य तेवढे स्वतःच्या हातांनी लग्न करावे, की तेवढेच साधे लग्न भाड्याच्या सभागृहात व्यावसायिकांवर सोपवावे, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी ही तुलना आहे. माझा कौल घरच्या लग्नाला आहे, हे आधीच सांगते. आमच्या कुटुंबातली जी लग्ने आजही आठवणीत ताजी आहेत, ती घरीच झाली. मात्र हा कौल सरसकट नाही. घरात एका वेळी जेवढी माणसे बसू शकतात तेवढ्यांत यादी आटोपत असेल आणि मनापासून काम करणारे काही हात जवळ असतील, तरच घर निवडावे. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर सभागृह घ्यावे आणि त्याची खंत बाळगू नये.

हिवाळ्यात दोन्ही पर्यायांतला सर्वांत मोठा फरक उबेचा असतो. चांगल्या सभागृहात दालन गरम ठेवण्याची सोय असते आणि तिथले वायरिंगही गर्दीचा विचार करून केलेले असते. घरी हे सारे आपल्यालाच पाहावे लागते, पण ते वाटते तितके अवघड नाही, कारण शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून साधारण 100 वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे 40 माणसे जमली, की 2,000 वॉटचे दोन हीटर लावल्याइतकी ऊब त्यांच्यामुळेच निर्माण होते. म्हणून खोली पाहुणे येण्यापूर्वी तापवून ठेवावी, सगळे स्थिरस्थावर झाले की हीटर कमी करावेत आणि एखादी खिडकी किलकिली ठेवावी. तसे केले नाही, तर थोड्याच वेळात दाराशी बसलेले कुडकुडतात आणि मधले घामाघूम होतात. विजेचा हिशेबही आधीच करावा: 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर 2,000 वॉटचा एक हीटर जवळजवळ 9 अँपिअर खेचतो, त्यामुळे 16 अँपिअरच्या एकाच सर्किटवर दोन हीटर आणि रोषणाई लावली, तर ऐन समारंभात अंधार होऊ शकतो. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि तो जिवावर बेततो.

कामात वाटा असल्याचे समाधान मात्र कोणत्याही सभागृहात मिळत नाही. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात सगळ्यांचे कोट, शाली आणि मफलर आतल्या खोलीतल्या पलंगावर ठेवायचे ठरले होते. ते एकमेकांत मिसळतील म्हणून काकांनी जुन्या चादरीच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येक पट्टीवर एकेका पाहुण्याचे नाव निळ्या दोऱ्याने साध्या धावदोऱ्यात भरले आणि टोकाला सेफ्टी पिन लावली. अक्षरे थोडी वाकडी होती, पण प्रत्येकाने आपली पट्टी शोधून, हाताने चाचपून पाहिली, आणि आत्याने तर ती कोटाच्या आतल्या बाजूला कायमची शिवून टाकली. सभागृहात याच कामासाठी क्रमांकाचा बिल्ला मिळतो. तो आपले काम चोख करतो, परंतु त्या बिल्ल्याची आठवण कुणी काढल्याचे मी ऐकलेले नाही.

या अनुभवाला संशोधनाचाही आधार आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरियली यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की स्वतः जोडलेल्या किंवा घडवलेल्या वस्तूला माणसे अधिक मोल देतात. पण काम अर्धवट राहिले, की ही आपुलकी टिकत नाही. घरच्या लग्नाचा बेत आखणाऱ्यांनी यातला दुसरा भाग विशेष लक्षात घ्यावा. निमंत्रणे, सजावट, आसनांची मांडणी, जेवण, संगीत असे सगळेच अंगावर घेऊन आदल्या रात्री निम्मे टाकून देण्यापेक्षा दोनच गोष्टी स्वतः कराव्यात आणि त्या पूर्ण कराव्यात.

खर्चात घर स्वस्त पडते, यावर फार लिहायला नको. अँड्र्यू फ्रान्सिस आणि ह्यूगो मियालॉन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या 3,000 हून अधिक विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या व्यक्तींच्या माहितीवरून 2015 मध्ये मांडले, की समारंभावरचा जास्त खर्च कमी टिकलेल्या विवाहांशी निगडित दिसतो. हा केवळ संबंध आहे, कारण नव्हे. त्याच अभ्यासात अधिक पाहुण्यांची उपस्थिती मात्र टिकाऊ विवाहांशी जोडलेली दिसली, आणि माझ्या मते घरच्या लग्नाविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे. जागेअभावी जिव्हाळ्याची माणसे वगळावी लागत असतील, तर साधे सभागृह घेऊन सर्वांना बोलावणे केव्हाही चांगले.

जेवणाच्या बाबतीत व्यावसायिकांचे पारडे जड आहे. हिवाळा आहे म्हणून अन्न आपोआप सुरक्षित राहते, असा समज असतो, पण मोठ्या भांड्यातले अन्न बाहेरून गार लागले तरी आत तासन्‌तास कोमट राहते आणि त्याच कोमट अवस्थेत जिवाणू वाढतात. गरम वाढायचे अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर ठेवावे. उरलेले उथळ भांड्यांत पसरून लवकर निववावे आणि मग थंडीत ठेवावे. केटररकडे यासाठीची भांडी आणि सवय दोन्ही असतात. घरी एवढी सोय नसेल, तर लग्न घरी आणि स्वयंपाक बाहेरून, ही विभागणी मला सर्वांत समंजस वाटते.

उजेडाच्या बाबतीत घर आणि सभागृह यांत वेळापत्रकाचा फरक पडतो. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी 50 अंश अक्षांशावर जेमतेम 8 तास उजेड असतो, तर 20 अंशांवर जवळपास 11 तास. सभागृहाची वेळ आधीच नेमून दिलेली असते आणि ती अनेकदा अंधार पडल्यावरची असते. घरी मात्र खिडकीतून ऊन नेमके केव्हा कुठे येते हे माहीत असते, म्हणून समारंभ त्याच वेळी ठेवता येतो. हिवाळ्यातले तिरपे, मऊ ऊन चेहऱ्यावर फार सुंदर पडते. छायाचित्रे काढणाऱ्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात: थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी खिशात उबेला ठेवावी, आणि बाहेरून आत आल्यावर भिंगावर धुके धरते, म्हणून कॅमेरा काही वेळ पिशवीतच राहू द्यावा. फुलेही थंडीत जास्त टिकतात, त्यामुळे सजावट आदल्या दिवशी निवांत करता येते. ती फक्त हीटरपासून दूर असावी.

अजूनही निर्णय होत नसेल, तर कामांची यादी करून त्यापुढे दोन रकाने आखावेत: आठवडाभर आधी पुरी होणारी कामे एकात आणि ऐन दिवशी उभे राहून करावी लागणारी दुसऱ्यात. पहिल्या रकान्यातली कामे घरच्यांनी करावीत आणि दुसऱ्यातली पैसे देऊन दुसऱ्यांकडून करून घ्यावीत. दुसरा रकाना वधूवरांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या नावांनीच भरत असेल आणि ती कामे सोपवायला कुणी मिळत नसेल, तर सभागृह निवडावे.