चाळीस युनिटची गाडी आणि तीन घाट: अकरा महिन्यांनंतर

इलेक्ट्रिक गाडी घेऊन अकरा महिने झाले आणि साडेचौदा हजार किलोमीटर. त्यातले बरेचसे पुण्यातल्या पुण्यात, ऑफिस आणि लेकीची शाळा. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. रात्री पार्किंगमध्ये चार्जिंगला लावायची, सकाळी काढायची. लिहायचंय ते घाटांबद्दल. गाडी घेताना मला धास्ती होती ती एवढीच, की चार माणसं आणि गच्च भरलेली डिकी घेऊन ही घाट चढायला लागली की बॅटरीचं काय होणार? ज्याला विचारावं तो "एका चार्जमध्ये किती जाते" ते सांगायचा. किती चढते, हे कुणी सांगत नव्हतं. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चाळीस युनिटच्या आसपास बॅटरी असलेल्या बहुतेक गाड्यांना हे लागू पडावं.

डिसेंबरात आम्ही चौघं निघालो: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. पुणे ते महाबळेश्वर, तिथे दोन रात्री, मग आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून खेड, चिपळूण, गुहागर, आणि परत येताना कुंभार्ली घाटाने कराड. सगळं मिळून साधारण 665 किलोमीटर. गाडी बहुतेक वेळ मीच चालवली.

पुण्याहून 100 टक्क्यांनी निघालो, वाईत 68 राहिले. खंबाटकी धरूनही हे ठीकच होतं. वाईनंतर पसरणी घाट सुरू झाला आणि समोरचा उरलेल्या किलोमीटरचा आकडा पडायला लागला. एक किलोमीटर पुढे जावं तर आकडा दोन-अडीचने खाली. नवऱ्याने एसी बंद करायला हात पुढे केला, मी नको म्हटलं. महाबळेश्वरला पोचलो तेव्हा 51 टक्के होते. वाई ते महाबळेश्वर म्हणजे बत्तीसेक किलोमीटर, त्याला 17 टक्के गेले. सपाटीवर एवढंच अंतर जेमतेम नऊ-दहा टक्क्यांत झालं असतं.

त्या रात्री हिशोब मांडून बसले. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर साडेतेराशेच्या. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन अठराशे किलो. एवढं वजन शंभर मीटर उचलायला अर्धा युनिट लागतो, मोटरमधली गळती धरून त्याहून थोडा जास्त. म्हणजे दर शंभर मीटर चढाईला दीड टक्का बाजूला काढायचा, आणि अंतराचा खर्च वेगळा. पुढच्या प्रत्येक घाटात हा आडाखा मला एक-दोन टक्क्यांच्या फरकाने बरोबर आला. तेव्हापासून घाटात मी उरलेल्या किलोमीटरकडे बघत नाही, फक्त टक्के बघते. तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या खर्चावरून काढलेला असतो. पुढे चढ आहे की उतार, हे त्याला कळत नाही.

आता चूक सांगते, कारण ती दुसऱ्या कुणी करू नये असं मनापासून वाटतं. महाबळेश्वरच्या हॉटेलने पार्किंगमध्ये पंधरा अँपिअरचा सॉकेट दिला. निघायच्या आदल्या रात्री गाडी लावली आणि सकाळी 100 टक्के झालेली बघून आम्ही खूश. आंबेनळीचा उतार सुरू झाला, मी नेहमीसारखा पाय सोडला आणि गाडी आवरेचना. एरवी पाय सोडला की मोटर उलटं काम करते, चाकांचा वेग खाऊन बॅटरीत वीज परत टाकते, आणि गाडी आपोआप मंदावते. यालाच रीजेन म्हणतात. पण भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे ओतणार? बॅटरीत जागाच नव्हती, त्यामुळे रीजेन जवळजवळ बंद. पेट्रोलची गाडी आपण दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतरवतो, इथे तोही उपाय नाही. सगळा भार ब्रेकवर आला. काही वळणांनंतर जळका वास यायला लागला तशी मोकळी जागा बघून थांबले. ब्रेक निवले की पुन्हा थोडं पुढे. वाडा कुंभरोशीहून वर वळून प्रतापगडावर गेलो आणि गाडीला दोन तास विश्रांती दिली. पोलादपूरला 97 टक्के होते. तेराशे मीटर उतरून आलो आणि पदरात काहीच पडलं नाही.

फेब्रुवारीत मुद्दाम पुन्हा त्याच घाटाने गेलो. या वेळी वरून 80 टक्क्यांवर निघालो. रीजेन सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं, ब्रेकला पाय क्वचित लागला, आणि पोलादपूरला आकडा 84 होता. घाटमाथ्यावर मुक्काम असेल आणि सकाळी उतरायचं असेल, तर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवा. गाडीतच तशी मर्यादा लावता येत असेल तर रात्रीच लावून झोपा.

सासूबाईंना गाडी लागते. इंजिनाची घरघर नाही, धुराचा वास नाही, म्हणून यात त्यांना त्रास होणार नाही अशी माझी समजूत होती. पण पसरणीत त्यांना मळमळलं. कारण माझा पाय: मी एकदम सोडायची, गाडी आचका खाऊन मंदावायची, आणि मागे बसणाऱ्याची मान दर वळणाला पुढे-मागे. आता माणसं मागे असली की मी रीजेन मधल्या पातळीवर ठेवते आणि पाय हळूहळू उचलते. तीव्र उतार आला तरच वाढवते. गुहागरहून परतताना सासूबाई कुंभार्लीच्या वळणांवर लेकीशी गप्पा मारत होत्या, हीच माझ्यासाठी पावती.

गुहागरच्या घरगुती मुक्कामात वेगळीच अडचण आली. सॉकेट पंधरा अँपिअरचाच होता, पण चार्जरवर लाल दिवा. घराला अर्थिंग धड नव्हतं, आणि अर्थिंग नसेल तर हे चार्जर सुरूच होत नाहीत. ते योग्यच आहे. घरमालक काकांनी संध्याकाळी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने पंपाच्या खोलीतल्या बोर्डावरून तात्पुरती लाईन ओढून दिली. काकांनी सुरुवातीला आणि शेवटी मीटर वाचून वहीत लिहून ठेवलं: 27 युनिट, नऊ तास. मध्ये अर्धा तास लाईट गेली होती, तेवढं थांबलं. कोकणात मुक्काम ठरवताना आता मी खोलीच्या आधी अर्थिंगचं विचारते आणि बोर्डाचा फोटो मागवते.

परतीला कुंभार्ली. गुहागरहून 100 टक्क्यांनी निघालो, घाटाच्या पायथ्याशी 80, माथ्यावर 68. पायथ्याला पोफळी लागतं. तिथे डोंगराच्या पोटात कोयनेचं वीजघर आहे. सासूबाईंचं माहेर पाटणजवळचं, त्यांचे वडील कोयना प्रकल्पाच्या कामावर होते. वरचं शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बोगद्यांतून डोंगराच्या अलीकडे आणून खाली सोडतात, त्यावर चाकं फिरतात, असं त्या नातीला समजावत होत्या. कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॅटचे आहेत. लेक म्हणाली, "म्हणजे आपली गाडी उतरताना करते तेच." इतके दिवस मी तिला रीजेन समजावायचा प्रयत्न करत होते, ते आजीच्या एका गोष्टीत तिला कळलं.

कराडला 45 टक्के घेऊन पोचलो. तिथल्या फास्ट चार्जरच्या दोन गनपैकी (गाडीला लावायच्या प्लगपैकी) एक बंद, ॲपवर मात्र दोन्ही चालू. दुसरीवर आधीच एक गाडी, म्हणून चाळीस मिनिटं ताटकळलो. मग तासाभरात 88 टक्के झाले आणि पुण्यात 30 टक्क्यांवर घरी. म्हणून म्हणते, एकाच चार्जरच्या भरवशावर घाट चढू नका. पुढचा चार्जर गाठण्याएवढे टक्के हाताशी ठेवाच.

पैशांचं सांगायचं तर घरची वीज, दोन्ही मुक्काम आणि कराड मिळून साडेसोळाशे रुपये. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला एवढ्या प्रवासात साडेचार-पाच हजार लागले असते.

मार्चमध्ये गुहागरच्या काकांचा फोन आला. नवीन अर्थिंग करून घेतलंय, फणसाखाली वेगळा बोर्ड बसवलाय, त्याला स्वतंत्र मीटर आहे. मे महिन्यात पुन्हा तिकडेच जाणार आहोत, या वेळी जाताना कुंभार्ली उतरून. कराडला 80 टक्क्यांच्या वर भरायची नाही, हे नवऱ्याने आत्ताच सांगून ठेवलंय.