शनिवारी पहाटे साडेपाचला नेसकॅक : एका हंगामाचा अनुभव

जानेवारीत निफाड-पिंपळगाव पट्ट्यात पहाटे इतकी थंडी पडते की द्राक्षबागांत शेकोट्या कराव्या लागतात. अशाच एका शनिवारी पहाटे साडेपाचला माझ्या घरी हॉलमध्ये सहा पोरं शाली गुंडाळून बसली होती. टीव्हीला लॅपटॉपची वायर जोडलेली, गॅसवर चहाचं आधण, आणि पडद्यावर अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या एका कॉलेजचं इनडोअर बास्केटबॉल कोर्ट. तिकडे शुक्रवार संध्याकाळचे सात वाजले होते. पाच मिनिटं झाली नसतील, आमचा चार नंबरची जर्सी घालणारा पोरगा म्हणाला, “मॅडम, ह्यांचे गार्ड तर आपल्याएवढेच आहेत की!” गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेणारे, बहुधा संघातले बुटके खेळाडू.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलांचा बास्केटबॉल संघ तयार करते. पोरं बहुतेक शेतकऱ्यांची. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, त्यांनी मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहिलेली असते: डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं), लांबून मारलेला थ्री (तीन गुणांचा शॉट), पुढचा व्हिडिओ. त्यातून शिकण्यासारखं फार थोडं हाती लागतं, कारण ती शरीरंच वेगळी आहेत. मला असं बास्केटबॉल दाखवायचं होतं, जे माझ्या पोरांना उद्या सकाळी आपल्या सिमेंटच्या कोर्टवर करून बघता येईल. शोधता शोधता अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांच्या सामन्यांचं ऑनलाइन थेट प्रक्षेपण सापडलं. नोव्हेंबर ते मार्च असा एक अख्खा हंगाम आम्ही ते पाहिलं. त्याचाच हा रिव्ह्यू.

आधी हे काय आहे ते सांगते. तिकडच्या कॉलेज खेळांच्या एनसीएए या संस्थेचे तीन विभाग आहेत. टीव्हीवर गाजतो तो डिव्हिजन वन. डिव्हिजन थ्रीमध्ये पुरुष बास्केटबॉलचे चारशेहून जास्त संघ आहेत, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरगा प्रयोगशाळेतून किंवा लायब्ररीतून उठून सरावाला येतो. ही कॉलेजं जवळपासच्या गटात बांधलेली असतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. मी निवडली ती न्यू इंग्लंड स्मॉल कॉलेज ॲथलेटिक कॉन्फरन्स, बोलण्यात नेसकॅक. १९७१ साली स्थापन झालेली, अकरा कॉलेजांची. विल्यम्स, ॲमहर्स्ट, टफ्ट्स, ट्रिनिटी, मिडलबरी वगैरे. विल्यम्स किंवा ॲमहर्स्टची विद्यार्थीसंख्या दोन हजारांच्या आसपास. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजातही तेवढी पोरं असतात. आणि तरी ॲमहर्स्टने २००७ आणि २०१३ मध्ये डिव्हिजन थ्रीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, ट्रिनिटीने २०२५ मध्ये.

वापरायला सोपं आहे. कॉन्फरन्सच्या संकेतस्थळावर वेळापत्रक असतं, त्यात सामन्यासमोर व्हिडिओची आणि आकडेवारीची खूण असते. मी पाहिलेल्या एकाही सामन्याला पैसे पडले नाहीत. सगळीकडे असं नाही, काही कॉन्फरन्सनी वर्गणी लावली आहे, तेव्हा आधी बघून घ्या. कॉन्फरन्सचे सामने जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, बहुतेक शुक्रवारी रात्री आणि लगेच शनिवारी दुपारी. त्यांचे शुक्रवारचे सात म्हणजे आपले शनिवार पहाटेचे साडेपाच. सरावाला सात वाजता जायचं असतं, त्यामुळे ही वेळ आम्हाला देवानेच दिल्यासारखी. त्यांचे शनिवार दुपारचे तीन मात्र आपल्याकडे शनिवारी मध्यरात्रीनंतर, म्हणजे रविवारी पहाटे दीडला येतात. ते सामने मी नंतर रेकॉर्डिंग बघून दाखवले. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे जातात, मग साडेपाचचे साडेचार होतात. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या फेऱ्या बघायच्या तर हे लक्षात ठेवा. आमचा एक सामना यातच चुकला.

चित्राबद्दल खरं सांगायचं तर कॉलेजागणिक फरक पडतो. काही ठिकाणी दोन-तीन कॅमेरे, रिप्ले, कोपऱ्यात स्कोअर आणि घड्याळ. काही ठिकाणी गॅलरीत एकच कॅमेरा, आणि तोही आपोआप वळणारा. एका सामन्यात तो चेंडू सोडून कडेला वॉर्मअप करणाऱ्या पोराच्या मागे गेला, आणि एका कॉलेजच्या रेकॉर्डिंगमध्ये पहिला हाफच नव्हता. फिक्या जर्सीवर फिका नंबर असला की कोण कुठला ते कळत नाही. मोबाइलच्या रोजच्या डेटावर बघणार असाल तर अख्खा सामना पुरणार नाही, घरचं वायफाय हवं. समालोचन बहुतेक त्या कॉलेजचेच विद्यार्थी करतात, मनापासून करतात, पण इंग्रजी भरभर असतं. मराठी माध्यमातल्या माझ्या पोरांना झेपेना, म्हणून मी आवाज बंद करून स्वतःच बोलत बसले. नंतर लक्षात आलं की हेच जास्त उपयोगाचं. आवाज बंद असला की डोळे पायांकडे जातात.

पाहायचं असतं ते पायांतच. या पोरांची उडी फार मोठी नाही. पण चेंडू पकडला की दोन्ही पाय एकदम टेकवून थांबणं, पिव्हट करताना, म्हणजे एका पायावर वळताना, तो रोवलेला पाय न हलणं, शूटरवर धावून जाताना शेवटची दोन पावलं छोटी करून हात वर घेणं, हे सगळं पहिल्या मिनिटापासून चाळिसाव्या मिनिटापर्यंत तसंच चालतं. एका सामन्यात जेमतेम सहा फुटांचा एक पोरगा आपल्यापेक्षा हातभर उंच सेंटरला (रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूला) रिंगखाली पाठीने अडवून उभा राहिला. चेंडू या अडवणाऱ्या पोराच्या हातात आलाच नाही, त्याच्या साथीदाराने घेतला. मी तिथे व्हिडिओ थांबवला आणि विचारलं, “हा रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परत आलेला चेंडू, कोणाचा?” पोरं म्हणाली, ज्याने पकडला त्याचा. मी तोच तुकडा चार वेळा दाखवला. पाचव्या वेळी आमचा नऊ नंबर हळूच म्हणाला, “मॅडम, अडवला त्याचा.” हा नऊ नंबर सीझनला रात्री द्राक्षांच्या पॅकहाउसला कामाला जातो आणि दिवसा सरावाला येतो. बोलत नाही फारसा. त्या दिवसापासून मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले.

आकडेवारीच्या पानाला माझे पूर्ण गुण. सामना चालू असतानाच कोणी कुठून शॉट मारला, कोणाचे किती टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं), कोण किती मिनिटं खेळला, सगळं समोर येतं. आम्ही एक बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता, प्रिंट काढून ड्रेसिंग रूमच्या भिंतीला लावला. आमच्याकडे तोवर फक्त गुण लिहिले जायचे. टर्नओव्हर मोजायचा असतो, हे पोरांना त्या कागदामुळे कळलं.

दाखवताना नियमांतला फरक आधी सांगा, नाहीतर गोंधळ होतो. आपण फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनी दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर खेळतो, शॉट क्लॉक (शॉट घेण्यासाठी मिळणारा वेळ) २४ सेकंदांचं. तिकडे पुरुषांत वीस मिनिटांचे दोन हाफ आणि ३० सेकंद. हाफमध्ये सातव्या टीम फाउलपासून ‘वन अँड वन’, म्हणजे फाउलबद्दल मिळणारा पहिला फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचा शॉट) पडला तरच दुसरा. थ्री पॉइंट लाइन मात्र आता आपल्याएवढीच, ६.७५ मीटर. म्हणून त्यांचे शूटर बघून आपल्या रेषेवर उभं राहता येतं.

ही कॉलेजं दाखवण्यामागे माझा आणखी एक जिव्हाळा आहे. बास्केटबॉल १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी सुरू केला. तीच शाळा म्हणजे आजचं स्प्रिंगफील्ड कॉलेज, आणि ते आजही डिव्हिजन थ्रीमध्येच खेळतं. तिथेच शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. आम्हा शारीरिक शिक्षणवाल्यांना परीक्षेत त्यांच्यावर टीप लिहावी लागते. ती टीप मी पाठ केली होती, पण स्प्रिंगफील्डचा संघ पडद्यावर धावताना पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. हा खेळ जिथे जन्मला, तिथे तो अजून छोट्या कॉलेजातलाच खेळ आहे.

आता टॅलेंटचा प्रश्न. पोरं विचारतातच, “मॅडम, इथून कोणी मोठा होतो का?” मी डंकन रॉबिन्सनचं उदाहरण देते. २०१३-१४ मध्ये तो विल्यम्समध्ये पहिल्या वर्षाला होता. त्या हंगामात विल्यम्स राष्ट्रीय अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ७५-७३ असा हरला. मग तो मिशिगन विद्यापीठात गेला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे एक वर्ष न खेळता बसला, २०१८ मध्ये डिव्हिजन वनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वेळी, त्याला कोणी घेतलं नाही. तरी एनबीएतल्या मायामी हीट संघाकडून २०१९-२० च्या हंगामात त्याने २७० थ्री मारले. पोरांना त्या २७०चं कौतुक वाटतं. मला त्या न खेळता बसलेल्या वर्षाचं.

आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरचा २० नोव्हेंबर २०१२ चा १३८ गुणांचा सामनाही पोरांनी शोधून काढला. त्यात त्याने १०८ शॉट घेतले होते. ग्रिनेलची पद्धतच तशी, पाचच्या पाच खेळाडू थोड्या थोड्या वेळाने बदलायचे आणि सतत शॉट घ्यायचे. पोरं दोन दिवस तेच बोलत होती. मी तो दाखवत नाही. माझ्या संघाला पहिल्यांदा पास शिकायचा आहे.

हे सगळं बघताना मला जे सगळ्यात लागलं, ते वेगळंच. तिथलं तळाचं कॉलेजसुद्धा नेसकॅकमध्ये बाकीच्या दहांशी एकेकदा खेळतं, शिवाय बाहेरचे सामने वेगळे. एका पोराला एका हंगामात वीसहून जास्त सामने मिळतात. त्या वर्षी आमचा हंगाम होता चाळीस मिनिटांचा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिलाच सामना हरलो, बस पकडून रात्री घरी. त्या सामन्यात नऊ नंबर तीन मिनिटं खेळला. तीन मिनिटांत मी त्याच्याबद्दल काय ठरवणार होते? आपल्या जिल्ह्याने धावपटू कविता राऊत दिली, दत्तू भोकनळ दिला. चांदवडच्या दुष्काळी गावातला दत्तू सैन्यात गेल्यावर वल्ही हातात घेतो आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला रोइंग करतो. त्याला होडी मिळाली म्हणून तो कळला. माझ्या पोरांना सामनेच मिळत नव्हते.

म्हणून फेब्रुवारीत मी शेजारच्या तीन कॉलेजांतल्या सहकाऱ्यांना फोन लावले. चार संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा, प्रत्येकाला सहा सामने, एकूण बारा. रविवारी सकाळी साडेसातला, आळीपाळीने एकेकाच्या कोर्टवर. पंच म्हणून आमचेच जुने खेळाडू आले, खर्च पोह्यांचा आणि पेट्रोलचा. बॉक्स स्कोअर आमच्या मुलींच्या संघाने लिहिले, भिंतीवरच्या त्या कागदासारखेच. नऊ नंबर पहिल्या सामन्यात घाबरला, फ्री थ्रो आठपैकी दोन पडले. शेवटच्या सामन्यात सातपैकी पाच. पण मी वहीत त्याच्या नावापुढे लिहिलं ते हे, की सहाही सामन्यांत समोरच्या सेंटरला त्याने रिंगखाली उभं राहू दिलं नाही. चार नंबर सहापैकी दोनच सामन्यांत चांगला खेळला, आणि आता मला माहीत आहे की ज्या दिवशी तो आधी डिफेन्स करतो त्या दिवशी त्याचा शॉटही पडतो. एका सामन्यात हे कधीच कळलं नसतं.

तर, पाचपैकी चार तारे. एक तारा चित्रासाठी आणि मधूनच गायब होणाऱ्या रेकॉर्डिंगसाठी कापला. नुसती करमणूक हवी असेल त्यांनी एनबीएच बघावं. पण संघ घडवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने, आणि ज्यांचा मुलगा-मुलगी कॉलेजकडून खेळते त्या आईवडिलांनी, निदान चार शनिवार हे बघावं. अख्खा सामना बघा, मुख्य क्षणांचा तुकडा नको. आवाज बंद ठेवा. पहिल्या हाफमध्ये एकाच खेळाडूवर नजर ठेवा, तीही त्याच्याकडे चेंडू नसताना.

यंदाचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होईल. आमच्या लीगमध्ये सिन्नरकडचं आणखी एक कॉलेज यायचं म्हणतंय, म्हणजे प्रत्येकाला आठ सामने. नऊ नंबरने पॅकहाउसच्या मुकादमाला आत्तापासूनच सांगून ठेवलंय की शनिवारी रात्रीची पाळी नको.