ड्युअल बँड राउटर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दसऱ्याला नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या घरासाठी एसी १२०० दर्जाचा ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरपट्ट्यांवर चालणारा राउटर घेतला. खोक्यावरचा १२०० हा आकडा २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) एकत्र करून पुढच्या शेकड्याला नेऊन छापलेला असतो आणि कोणत्याही एका फोनला तो वेग मिळत नाही, हे ठाऊक असल्याने अपेक्षा बेताचीच होती. मात्र २०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही राउटरशेजारी उभे राहिल्यावर वेग ९४ च्या पुढे सरकत नसे आणि मागच्या खोलीत तो पंधरा-वीसवर येई.

सेवा पुरवणाऱ्यांकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा 'लाइन ओके आहे, तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे' एवढेच उत्तर मिळाले आणि संक्रांतीपर्यंत मीही राउटरलाच बोल लावत राहिलो.

वास्तविक ९४ हा आकडाच पुरेसा बोलका होता. वायरलेसचा वेग सतत वरखाली होतो. लॅपटॉप केबलने जोडल्यावरही सकाळ-संध्याकाळ नेमका तोच आकडा येत असेल, तर दोष तारेत शोधावा, कारण १०० एमबीपीएसच्या इथरनेट जोडणीतून प्रत्यक्षात ९४-९५ च हाती लागतात. सेटिंगमध्ये पाहिले, तर वॅन पोर्टसमोर (जिथे बाहेरून इंटरनेटची केबल येते) १००० ऐवजी १०० होते. फायबरच्या डब्यातून राउटरकडे आलेल्या केबलचे पारदर्शक टोक खिडकीतल्या उजेडात धरले, तेव्हा आठपैकी चारच खाचांत तारा दिसल्या. जोडणी करणाऱ्याने उरलेल्या चार आवरणालगत छाटून टाकल्या होत्या. शंभरला चार तारा पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० ला, आठही लागतात. महात्मा गांधी रोडवरून तयार कॅट ६ (गिगाबिट पेलणाऱ्या आठ तारांची) केबल आणून लावली आणि त्याच मिनिटाला वेग दोनशेला टेकला.

मागच्या खोलीचे दुखणे निराळे होते. राउटर चपलांच्या कपाटामागे जमिनीलगत होता आणि मध्ये आईचे लोखंडी कपाट भिंतीला टेकून उभे होते. राउटर माळ्याच्या कडेला चढवला. दोन्ही बँडचे नाव एकच असल्याने फोन ५ गिगाहर्ट्झ सोडून २.४ लाच चिकटून बसत, म्हणून नावे वेगळी केली. आसपासच्या सदनिकांची सतरा नेटवर्के २.४ वर दाटीवाटीने असल्याने तिथली चॅनेलची (लहरपट्टीतल्या मार्गिकेची) रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली आणि एकमेकांत न मिसळणाऱ्या १, ६ व ११ पैकी त्यातल्या त्यात मोकळे असलेले १ क्रमांकाचे चॅनेल कायम केले. ते 'ऑटो'वर असताना दर वेळी वीज गेली-आली की राउटर नवे चॅनेल निवडे, आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे नाशिककरांना सांगायला नको. आता मागच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झवर १३० ते १५० मिळतात आणि मुलाचे ऑनलाइन वर्ग अडत नाहीत.

राउटरचे दोषही आहेत. मे महिन्यात तो हाताला चटका बसेल इतका तापे, त्याचे मोबाइल अॅप रुंदी बदलू देत नाही, त्यासाठी ब्राउझरमधूनच आत जावे लागते. स्वयंपाकघरात ५ गिगाहर्ट्झ पोहोचत नाही आणि २.४ वर मायक्रोवेव्ह सुरू होताच व्हिडिओ कॉल अडखळतो. वायफायचा सिग्नल पुढे पोहोचवणारा रिपीटर घ्यावा असे पत्नीचे मत आहे. एकाच रेडिओवर घेणारा आणि देणारा स्वस्त रिपीटर वेग जवळपास निम्मा करतो, म्हणून दिवाळीच्या रंगकामात तिथवर आठ तारांची केबलच ओढून घेणार आहे, आणि या वेळी तिची दोन्ही टोके मी स्वतः पाहीन.