प्लिकर्स वर्षभर वापरलं: कार्डांना लॅमिनेशन मात्र करू नका

प्लिकर्स म्हणजे मुलांनी कार्ड वर करून दिलेली उत्तरं बाईंच्या मोबाईलवर टिपणारं ॲप. त्याच्या कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. कुणी फुकट करून दिलं तरी नको.

तालुक्याच्या गावातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे कार्डं टाकतानाच मी सांगितलं होतं, मॅट फिल्म असेल तरच करा, चमक अजिबात नको. "हाय मॅडम, ठिवून जा," म्हणाला. एका कार्डाला १५ रुपये ठरले. आणायला गेले तर सगळी कार्डं चकाचक. वर मलाच समजावतो, "चमकल्याबिगर ल्यामिनेशन कसलं मॅडम? उलट भारी दिसतंय की!" पैसे परत मागितले तर निम्मे देतो म्हणाला, आणि तेही आजवर दिले नाहीत. हा खर्च शाळेच्या अनुदानातला नव्हता, माझ्या खिशातला होता. म्हणून राग अजून आहे.

चमकेनं काय बिघडतं ते सांगते. प्लिकर्सच्या प्रत्येक कार्डावर वेगळी काळी-पांढरी आकृती असते. तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. मुलानं उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं आणि बाईंनी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. आकृती कोणत्या मुलाची आणि कोणत्या बाजूनं धरली आहे, हे ॲप ओळखतं. पण फिल्मवर उजेड पडला की काळ्या भागावर पांढरा डाग दिसतो आणि कॅमेऱ्याला काहीच कळत नाही. आमच्या खोलीला पूर्वेकडून दोन खिडक्या. उन्हाळ्यात मराठवाड्यात शाळा सकाळची असते, त्यामुळे तिरपं ऊन थेट कार्डांवर येतं. मुलं चमक चुकवायला कार्ड कलतं करतात, तिरपं करतात, आणि "बाई, माझं आलं का वो?" असा एकच गलका होतो. चार सेकंदांचं काम चार मिनिटांवर जातं आणि सगळा तास विस्कटतो.

शेवटी ती सगळी कार्डं बाजूला ठेवली. साध्या कागदावर पुन्हा छापून घेतली आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवली. गावात लग्नसराईनंतर पत्रिकांना तोटा नाही, मुलांनीच गठ्ठे आणून दिले. वरून सेलोटेपसुद्धा लावू नका, तीही चमकते. फाटलं तर तेवढंच एक कार्ड परत छापायचं. या पुठ्ठ्याच्या कार्डांवर मला एकही तक्रार नाही. अंगठा मात्र आकृतीवर येऊ द्यायचा नाही, कडेलाच धरायचं. तिसरीच्या मुलांना एवढं दोन दिवसांत जमतं. ए-बी-सी-डीच्या शेजारी मी पेन्सिलीनं बारीक अ, ब, क, ड लिहून दिलं, तेही उपयोगी पडलं.

आता मुद्द्याचं. बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या आमच्यासारख्या द्विशिक्षकी शाळेत हे ॲप एवढ्यासाठीच टिकलं, की मुलांकडे काहीही लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत गुगल फॉर्मवर चाचण्या घेण्याचा खटाटोप आपण सगळ्यांनीच केला. घरात मोबाईल एक, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील शेतात. फॉर्म भरून यायचे ते दहावीतल्या ताईनं भरलेले. दीक्षा ॲप मी आजही वापरते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा, व्हिडिओ आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवायचा, तास चांगला होतो. पण दीक्षावर मी दाखवते आणि मुलं बघतात. कोणाला समजलं आणि कोणी नुसती मान डोलावली, हे त्यातून मला कळत नाही. प्लिकर्समध्ये ते कळतं.

वजाबाकीचंच घ्या. ५२ वजा २८. फळ्यावर विचारलं की नेहमीची चार मुलं हात वर करतात, २४ म्हणतात आणि आपण पुढे जातो. मी पर्याय ठेवले २४, ३६, ३४ आणि ८०. स्कॅन केलं तर वर्गाचा मोठा भाग ३६ वर. म्हणजे २ मधून ८ जात नाहीत म्हणून पोरांनी सरळ ८ मधून २ वजा केले होते. काहींचं ३४ आलं. त्यांनी दशक मोडून सुटे घेतले, पण ५ चे ४ करायचे राहिले. ८० वाल्यांनी बेरीजच केली. या तिन्ही चुकांना उपाय वेगवेगळे आहेत. ३६ वाल्यांना काड्यांचे गठ्ठे हातात देऊन दशक सोडायला शिकवावं लागतं, ३४ वाल्यांना फक्त लिहिण्याची सवय लावावी लागते.

इथं एक सांगते, चुकीचे पर्याय अंदाजानं टाकले तर या ॲपचा काही उपयोग नाही. ५२ वजा २७ घेऊन बघा. ३६ वाली आणि ३४ वाली, दोन्ही चुका ३५ वरच येतात, आणि कोणत्या मुलाचं नेमकं काय अडलंय ते समजत नाही. प्रश्नातले आकडे निवडायलाच माझी अर्धी संध्याकाळ जाते, आणि ती जावीच असं मला वाटतं.

फुकटच्या खात्यात एका संचात पाचच प्रश्न टाकता येतात. सुरुवातीला याची फार चीड यायची. घटक चाचणी वीस गुणांची, प्रश्न पाच, हे काय? आता माझं मत बदललंय. तिसरी-चौथीच्या जोडवर्गात पाचव्या प्रश्नानंतर मुलांचं लक्ष उडतंच. आणि संच हवे तेवढे करता येतात. चाचणीसाठी कागद आहेच, हे रोजच्या दहा मिनिटांसाठी आहे.

दुसरं मत उलट्या दिशेनं बदललं. निकाल टीव्हीवर लगेच दाखवायची सोय मला आधी फार आवडली होती. पण ज्याचं चुकतं त्याच्याकडे सगळे वळून बघतात, आणि पुढच्या प्रश्नाला तो शेजाऱ्याच्या कार्डाकडे डोळे लावतो. आकृत्या वेगळ्या असल्यानं नक्कल जमत नाही हा भाग वेगळा, पण पोर कावरंबावरं होतं. मी टीव्ही बंद केला. निकाल माझ्या मोबाईलवरच राहतो. तेव्हापासून बोलायला लाजणारी मुलंही बिनधास्त कार्ड वर करतात. वीज गेली तरी तास अडत नाही हा वरचा फायदा.

नेट मात्र लागतं. आमच्याकडे रेंज दरवाज्याजवळच येते, म्हणून बस्करपट्ट्या फिरवून मुलांची तोंडं दाराकडे केली आणि मी उंबऱ्याशी उभी राहते. ॲप सगळं इंग्रजीत आहे. मुलांची नावं आणि प्रश्न मराठीत टाकता येतात, पण बटणं इंग्रजी. एवढं वापरलं जाणारं साधन मराठीत का नसावं, हे मला पटत नाही.

आमच्या भागासाठी एक खास सूचना. दिवाळीच्या आसपास आई-बापांबरोबर निम्मी मुलं ऊसतोडीला जातात, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. काही हंगामी वसतिगृहामुळे गावात थांबतात, सगळी नाही. गेलेल्या मुलाचा कार्ड नंबर दुसऱ्याला देऊ नका. नाव तसंच राहू द्या. चैत्राच्या सुमाराला पोर परत आलं की त्याचा जुना अहवाल उघडायचा. कोणत्या उदाहरणावर सोडून गेलं होतं ते समोर दिसतं, आणि तिथूनच धरता येतं. नाहीतर आपण त्याला चालू धड्यावर बसवतो आणि ते वर्षभर मागेच राहतं. माझ्या दृष्टीनं या ॲपचं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

पैसे भरायची योजना मी घेतलेली नाही आणि घेणार नाही. तेवढ्या पैशात वर्षभर पुरेल इतका कागद आणि खळ येते. ज्यांना छपाई करायची आहे त्यांनी कार्डं साध्या कागदावर काढावीत, प्रिंटर शाई फिकट सोडत असेल तर दुसरीकडे जावं, कारण काळा रंग गडद हवा. आणि दुकानदार "भारी दिसतंय" म्हणाला तरी फिल्म लावू देऊ नये.