व्हिसाचे ठसे: एजंट सांगलीचा, केंद्र पुण्याचं

नणंद कॅनडात असते. सासू-सासऱ्यांना तिच्याकडं पाठवायचं म्हणून सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका एजंटाकडं व्हिजिटर व्हिसाचं काम दिलं. फॉर्म त्यानं चोख भरले, कागदपत्रंही एका दमात मागून घेतली, हेलपाटे घालायला लावले नाहीत. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्या बाबतीत मात्र गडी अगदीच कच्चा.

"दोघांनाही पुण्याला न्यावं लागेल, दोघांचीही फी भरा," म्हणाला. आमचे मामा, म्हणजे सासरे, ८१ वर्षांचे, गुडघ्यांनी बेजार. कॅनडा १४ ते ७९ वयाच्यांचेच ठसे घेतं, त्यांच्या सरकारी साइटवर तसं सरळ लिहिलंय. मोबाइल त्याच्यापुढं धरला तेव्हा कुठं ८५ कॅनेडियन डॉलर वाचले आणि मामांची फरफटही टळली. फी भरली की ठशांसाठी एक पत्र येतं, त्यापुढच्या ३० दिवसांत जाऊन यायचं असतं. हेसुद्धा मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. पैसे कशाचे घेतो बाबा मग तू?

पुण्यातल्या ठसे घेणाऱ्या केंद्रात पासपोर्ट आणि ते पत्र बघून आत सोडलं. खरी धास्ती आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, बोटांची होती. सगळा जन्म हळद काढण्यात आणि शिजवण्यात गेलेला, रेशन दुकानातसुद्धा त्यांचा अंगठा पटकन लागत नाही. काचेवर आधी एका हाताची चार बोटं, मग दुसऱ्याची चार, शेवटी दोन्ही अंगठे. उजव्या करंगळीचा ठसा काही केल्या उमटेना. मशीनवरच्या पोरानं ओल्या टिश्यूनं बोटं पुसून घेतली, काच पुसली, म्हणाला, "आजी, जोर लावू नका. हात सैल सोडा, मी दाबतो."

"दाब की लेका, रेषा ऱ्हायल्यात कुठं त्यावर!"

मागं रांग होती, तरी पोरगा वैतागला नाही. सगळे ठसे नीट आल्यावरच फोटोला बसवलं. निघताना आत्या त्यालाच म्हणाल्या, "तेवढा व्हिसा मंजूर कर." तो हसला. निर्णय कॅनडा सरकारचा असतो, केंद्र फक्त ठसे पोचवतं.

हे ठसे १० वर्षं चालतात, त्यामुळं पुढच्या वेळी आत्यांना पुणं नाही. ज्यांची बोटं भेगाळलेली आहेत त्यांनी आठवडाभर आधीपासून रात्री खोबरेल चोळावं, पण जायच्या दिवशी हात कोरडे ठेवावेत. लग्नसराईत बोटांवर मेंदी असेल तर ती उतरू द्या, मगच जा.

केंद्राला पाच तारे. एजंटाला दोन, तेही फॉर्मच्या अक्षरासाठी.