पावणेपाच लाखांचं नाक

जुना ट्रक घेताना फसलो, एकूण गेले ४,७७,००० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण प्रत्येक जण पहिला प्रश्न तोच विचारतो आणि उत्तर ऐकल्यावर जो चेहरा करतो तो बघायची माझी आता ताकद राहिलेली नाही. बायकोला मी ४,२०,००० सांगितलेत. तिने हे वाचलं तर घरात आणखी एक आघाडी उघडेल, पण लिहिणं भाग आहे. ज्याने तो विकला तो माणूस अजून मोकळा फिरतोय आणि माझ्यासारखे हौशी लोक त्याला रोज सापडत असणार.

जुन्या गाड्यांच्या नावाखाली काय चालतं ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. टोकन टाका, आणखी दोन गिऱ्हाईकं रांगेत आहेत, निम्मे रोख द्या, कागद आठवड्यात हातात. हे सगळं मलाही माहीत होतं. दुसऱ्यांना सावध करणाऱ्यांतला मी. म्हणूनच जास्त झोंबतं.

आमचे आण्णा ट्रक ड्रायव्हर होते. गाडी टाटा-मर्सिडीज, एल ३१२ मॉडेल, गोल नाकाची. बोरघाट चढताना पहिल्या गिअरवर गाडी इतकी हळू चालायची की क्लीनर खाली उतरून चाकामागे लावायला दगड घेऊन सोबत चालत यायचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा, केबिनमध्ये इंजिनाच्या बाजूला गोधडीवर. सहा सिलिंडरचं ४.६ लिटरचं ते डिझेल इंजिन पायाला भाजायचं, पण त्याची धडधड अजून कानात आहे. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डायमलर-बेंझचा करार १९५४ चा, गाड्या जमशेदपूरला बनायच्या. १९६९ ला करार संपला, मग नाकावरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटाचा टी आला. हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. आणि नेमकं हेच माझ्या मुळावर आलं.

आपल्याकडे जुन्या मोटारी जपणारे खूप. फियाट, अँबॅसेडर, राजेरजवाड्यांच्या गाड्या. ट्रक कोण जपतो? कुर्ल्याला बनलेले डॉज आणि फार्गो, एन्नोरचे लेलँड कॉमेट, उत्तरपाड्याचे बेडफर्ड, देशाचं धान्य, सिमेंट, कांदे यांनी वाहिले आणि शेवटी सगळे वजनावर गेले. ट्रक मरेपर्यंत कमावतो, नंतर भंगारवाला किलोचा भाव काढतो. हरियाणात तावडूला हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम आहे, ते बघून आल्यापासून माझ्या डोक्यात किडा शिरला होता की एक तरी गोल नाकाची गाडी आपण वाचवायची. रिटायर झालो होतो, फंडाचे पैसे आले होते. शौक म्हणा, वेड म्हणा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. बाभळीखाली उभी, हौद्याचे फाळके सडलेले, पण नाक शाबूत. खाली लिहिलेलं, '१९६२ मॉडेल, एकहाती, कागद ओके'. मी फोन केला. आता विचार करतो तेव्हा लक्षात येतं की फोनवर त्या माणसाने आपणहून एकही खोटं आधी बोललं नाही. मीच विचारायचो, "इंजिन मूळचंच ना, ३१२ च?" तो म्हणायचा, "साहेब, तुम्हीच सांगा, तुमच्याएवढं कुणाला कळतंय." मी म्हणालो, "कमानपाटे तर त्या काळचेच दिसतात." तो, "दिसणारच." मी अर्धा तास करारापासून ताऱ्यापर्यंत सगळा इतिहास त्याला ऐकवला. दुसऱ्या दिवशी त्याने तोच इतिहास मला परत ऐकवला आणि मला वाटलं, वा, माणूस जाणकार आहे! घरचं लोणचं वर्गणी काढून विकत घ्यावं तसा प्रकार.

गाडी बघायला एकटा गेलो. पहिली चूक. आमच्या ओळखीचा फिटर म्हणत होता, काका, रविवारी जाऊ, मी येतो. रविवारपर्यंत धीर निघाला नाही, कारण ती 'आणखी दोन गिऱ्हाईकं'. जुनी गाडी बघायला जाताना तिच्यावर जीव जडलेला माणूस कधी एकटा जाऊ नये. सोबत असा कुणीतरी न्या ज्याला त्या गाडीचं काडीचं कौतुक नाही.

आता तो क्षण. हा मी रोज रात्री बघतो.

चेसिसवरचा नंबर बघायला मी गाडीखाली आडवा झालो, हातात मोबाईलची बॅटरी. अख्ख्या चेसिसवर तांबडा गंज, पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की भुगा पडतोय. आणि नंबर पंच केलाय तिथे मात्र हाताच्या पंजाएवढा भाग काळाकुळकुळीत, गुळगुळीत. मी बोट फिरवलं. लोखंड तिथे किंचित खोलगट लागलं, चमच्याच्या आतल्या बाजूसारखं. आकड्यांतला एक ३ बाकीच्यांपेक्षा केसभर खाली बसलेला. माझ्या मनात काय यावं? 'बघा, आपल्याला वाचता यावं म्हणून बिचाऱ्याने साफ करून ठेवलंय.' शपथेवर सांगतो, हेच आलं. एवढ्यात वरून आवाज, "साहेब, चहा आलाय." मी बाहेर आलो.

त्याहून लाजिरवाणं पुढे आहे. आरटीओत करतात तशी मी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतली होती. डायरीत चिकटवली. ती अजून आहे. उजेडात तिरकी धरली की त्या ३ च्या मागे दुसऱ्याच आकड्याचं पोट दिसतं, बहुधा ८ चं. पुरावा मी स्वतःच्या हाताने काढला, घरी आणला, आणि बायकोला कौतुकाने दाखवला!

गाडी ३,७५,००० ला ठरली. जागेवर इसार ५१,०००. उरलेल्या ३,२४,००० पैकी १,५०,००० रोख आणि १,७४,००० बँकेतून, तेही एका बाईच्या खात्यावर. 'मेहुणीचं खातं आहे, माझ्या खात्याला केवायसीचं लफडं झालंय.' जो माणूस गाडी विकतोय त्याचं नाव आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर तिथूनच उठा. चहासुद्धा पिऊ नका. ट्रेलरचं भाडं ३८,५००, ट्रेलर अर्थातच त्याच्याच ओळखीचा. पितळेवर क्रोम केलेला 'ओरिजिनल' तारा आणि जाळी वेगळी, १८,५००. तारा पितळेचा नाही, अ‍ॅल्युमिनियमचा निघाला. त्याच्याकडे म्हणे एक जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रकही होता, लष्कराच्या लिलावातला. त्या नावातला 'मान' म्हणजे जर्मन मान कंपनी, हेही मीच त्याला सांगितलं. तो नशिबाने घेतला नाही, पैसे संपले होते.

राहिले ४५,०००. हे व्हीए नंबरचे. सगळ्यात जास्त यांचा राग येतो, कारण हे माझ्या अर्धवट वाचनाचे पैसे आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, फी २०,०००, मुदत १० वर्षं. बातमी मी तेव्हा कापून ठेवली होती. हा गडी म्हणाला, "२०,००० सरकारी फी, २५,००० वरची धावपळ. दहा वर्षं फिटनेसची कटकट नाही." कटकट खरीच असते. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या ट्रकची फिटनेसची फी साडेबारा हजारांवर नेली, पुढे तीही वाढली. मला ४५,००० स्वस्त वाटले. आठ दिवसांत शिक्क्याची पावती आली, व्हीए नंबरासकट.

नियमात काय आहे? दुचाकी आणि एम १ वर्गातली चारचाकी. एम १ म्हणजे माणसं नेणारी, ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ आसनांची. मालवाहू गाडी एन वर्गात येते. तिला हा नियम लागूच नाही. मुळात बातमीत 'चारचाकी' असं धडधडीत छापलेलं. आणि माझ्या अंगणात उभ्या गाडीला पुढे दोन, मागे चार अशी सहा चाकं! लहानपणापासून ज्या गाडीचे टायर मोजले ती सहा चाकी आहे हे मला, आण्णांच्या मुलाला, आठवू नये? माझा नातू पहिलीत आहे, त्याला सहापर्यंत मोजता येतं.

फुटलं ते आरटीओत. पावती दाखवल्यावर क्लार्क हसला. नुसता हसला असता तरी चाललं असतं. त्याने शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं. "काका, ट्रकला व्हीए? उद्या बैलगाडीला आणाल." पुढे इन्स्पेक्टर गाडी बघायला आले, त्या काळ्या रंगावर थिनरचं फडकं मारलं आणि घासल्याच्या रेघा उघड्या पडल्या. आमच्या फिटरने उरलेली उत्तरीय तपासणी केली. बोनट आणि नाक खरं, एल ३१२ चंच. चेसिस कुठल्या तरी नंतरच्या गाडीची. इंजिन टाटाचं नंतरचं, ६९२ मॉडेलचं. आरसी बुक खरं, पण ज्या गाडीचं ती केव्हाच भंगारात गेलेली. म्हणजे मी पावणेपाच लाखांना एक नाक घेतलं, आणि त्यात माझंच कापलं गेलं.

मूर्ख म्हणा, पण एक ऐकून घ्या. १९६२ ची नोंद ऑनलाइन नसते. जुनी रजिस्टरं हाताने लिहिलेली, कित्येक गाड्यांची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, कधी झालेलीच नाही. अ‍ॅपवर नंबर टाकला तर काहीच येत नाही, आणि 'जुनी गाडी आहे, येणारच नाही' हे उत्तर बरोबर असतं. चोर याच फटीत राहतात. त्यामुळे ज्या कार्यालयाची मूळ नोंद आहे तिथे लेखी अर्ज करा, रजिस्टरमधली नोंद आणि चेसिस नंबर लेखी मागा, वेळ लागला तर माहितीच्या अधिकारात मागा, आणि ते हातात येईपर्यंत इसाराचा एक रुपया देऊ नका. विकणारा म्हणेल, तोवर गाडी जाईल. जाऊ दे.

पोलिसांकडे गेलो. जिथे व्यवहार झाला त्या ठाण्यात म्हणाले, तुम्ही राहता तिथे जा. मी राहतो तिथे म्हणाले, व्यवहार झाला तिथे जा. झिरो एफआयआरचं, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याचं, नाव काढलं तर साहेब जेवायला गेलेले. चौथ्या खेपेला एकाने अर्ज घेतला आणि वाचून विचारलं, "ह्या भंगाराला पावणेपाच लाख कोण देतं?" हा तपास! मग ठरलेलं वाक्य, "हे दिवाणी आहे, वकील करा." चेसिस नंबर घासून दुसरा ठोकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी लिहिलंय? मी आवाज चढवला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "चेसिस चोरीची निघाली तर ती तुमच्या ताब्यात सापडलीय हे लक्षात ठेवा." घरी येऊन दोन रात्री झोपलो नाही.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला. ओटीपी सांगितला होता का? नाही. लिंक उघडली होती का? नाही. मग ही ऑनलाइन फसवणूक नाही, तुम्ही माल बघून घेतलाय. सरकारी तक्रार पोर्टलवर टाकलं, एकविसाव्या दिवशी 'निकाली' असा हिरवा शेरा. काय निकाल लागला? 'संबंधित विभागाकडे वर्ग.' संबंधित विभाग म्हणजे तेच ठाणं. बनावट पावतीबद्दल आरटीओचं म्हणणं, पावती आमची नाहीच, म्हणून तक्रारही आमची नाही. त्यांचा शिक्का, त्यांचं नाव, आणि त्यांना राग नाही! बँकेने खातेदार बाईची माहिती द्यायला पोलिसांचं पत्र मागितलं, पोलिसांनी आधी बँकेची माहिती आणा म्हटलं. रोख दिलेल्या १,५०,००० चा पुरावा काय, हे मात्र प्रत्येकाने न चुकता विचारलं. रोख देऊ नका. द्यावीच लागली तर स्टॅम्प पेपरवर पावती, दोन साक्षीदार, आणि गाडीच्या नंबराशेजारी पैसे घेणाऱ्याचा फोटो. आणि अर्ज कुठेही दिलात तर पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नका. माझ्या पहिल्या दोन खेपांची पोच नाही, त्यामुळे त्या झाल्याच नाहीत असं आता कागद सांगतात.

भंगारवाला येऊन गेला. साडेतीन टन धरून ३२ रुपये किलोने १,१२,००० देतो म्हणाला. तेही घेता येत नाहीत, कारण चौकशी होईपर्यंत गाडी हलवायची नाही असं तोंडी बजावलंय. तोंडीच, लेखी काही नाही. पावसाळ्यासाठी ४,२०० ची ताडपत्री घेऊन झाकली आहे. हे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

गोल नाकाची गाडी, १९६२ चं आरसी बुक, मेहुणीचं खातं आणि व्हीए नंबर. यातलं काही कुणाच्या वाट्याला आलं असेल तर लाज बाजूला ठेवून आपापल्या ठाण्यात अर्ज द्या आणि अशाच पद्धतीची दुसरी तक्रार आधी झाली आहे हे त्यात लिहा. एकट्याचा अर्ज दिवाणी ठरतो. त्याच माणसाविरुद्ध तीन आले तर ते म्हणणं त्यांना जरा जड जाईल.