बॉल डिफ परत बांधायचा की गियर डिफ टाकायचा? मुंबईत बगी पळवणाऱ्यांसाठी

१/१० स्केलची रिमोट कंट्रोलवर पळणारी टू-व्हील ड्राइव्ह बगी, मागे बॉल डिफ (डिफ म्हणजे डिफरेन्शियल, वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा भाग), चाक हाताने फिरवलं की आतून खरखर आणि थ्रॉटल दाबला की मागून चिरका आवाज. ही तक्रार घेऊन कोणी ना कोणी येतंच, आणि प्रश्न ठरलेला, खोलून परत बांधू की गियर डिफ मागवून मोकळा होऊ? माझं मत आधीच सांगून टाकतो, मग भांडा. गाडी मैदानातल्या मातीवर किंवा धुळकट सिमेंटवर पळत असेल आणि मोटर १७.५ किंवा १३.५ टर्नची (टर्न म्हणजे तारेचे वेढे, जास्त वेढे म्हणजे शांत मोटर) असेल तर बॉल डिफ एकदा नीट बांधा. कार्पेट किंवा टर्फ असेल, मॉडिफाइड म्हणजे कमी टर्नची तेज मोटर असेल, किंवा डिफ खोलायचं नुसतं म्हटलं तरी जांभया येत असतील, तर गियर.

आता का ते बघा. बॉल डिफमध्ये मोठ्या गियरच्या भोकांत बारा-चौदा छर्रे बसलेले असतात, दोन्ही बाजूंना एकेक स्टीलची रिंग, आणि हे सगळं एका लांब स्क्रूने स्प्रिंगच्या दाबाखाली आवळलेलं. आयडिया जुनी आहे, इंग्लंडच्या सेसिल शूमाकर यांनी १९८० च्या आसपास १/१२ च्या गाड्यांसाठी काढलेली. वळणावर दोन चाकं वेगवेगळ्या स्पीडने फिरली की छर्रे रिंगवर लोळतात, त्यामुळे डिफ एकदम मऊ चालतो आणि कमी ग्रिपवर मागची बाजू अचानक सटकत नाही. गियर डिफ म्हणजे बंद डबीत बेव्हल गियर आणि सिलिकॉन ऑइल. दोन चाकांच्या स्पीडमध्ये फरक जितका जास्त तितकं ऑइल जास्त अडवतं, म्हणून जास्त ग्रिपवर आणि खडबडीत ट्रॅकवर तो सरळ पुढे ओढतो, आणि रेसच्या पहिल्या हीटला (फेरीला) जसा वाटला तसाच शेवटच्या हीटलाही वाटतो. बॉल डिफचं तसं नाही, तो हळूहळू बदलत जातो.

एक गैरसमज मात्र सगळीकडे आहे. बॉल डिफचा स्क्रू म्हणजे ट्यूनिंगचा नॉब, असं समजून लोक तो सैल-घट्ट करत बसतात. राव, तिथे खेळायला जागाच फार कमी आहे, सैल ठेवला की छर्रे लोळायचे सोडून घसरतात, रिंग घासतात, गरम होतात आणि प्लास्टिकच्या गियरची भोकं वितळतात. खरं ट्यूनिंग हवं असेल तर ते गियर डिफमध्ये, ऑइल बदलून. टू-डब्ल्यूडीच्या मागच्या डिफला ३००० ते ७००० सीएसटीच्या (ऑइलच्या दाटपणाचं माप) मधे कुठेतरी सुरुवात करा, आणि शॉकच्या ऑइलवरचा डब्ल्यूटीचा (दाटपणाचंच दुसरं माप) आकडा आणि हा सीएसटीचा आकडा एकच समजू नका, खूप फरक असतो.

बांधायचं काम किती ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. स्टीलच्या ताटात खोला, पंखा बंद करून, आणि सगळे पार्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. काचेच्या तुकड्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून ठेवा, त्यावर रिंग सपाट बोटाने दाबून इंग्रजी आठाच्या आकारात घासा, चकाकी जाऊन सगळीकडे सारखा मॅट रंग येईपर्यंत. छर्र्यांची खाच नखाला लागत असेल तर रिंग उलटी करा, दोन्ही बाजू गेल्या असतील तर नवी घ्या. आणि हो, मुंबईचा घाम. घासलेल्या रिंगला ओल्या बोटांनी हात लावून तशीच ठेवली की बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज येतो, म्हणून पुसून लगेच ग्रीस. मोठ्या छर्र्यांना पारदर्शक सिलिकॉनचं डिफ ग्रीस, तेही थोडंसंच, आणि थ्रस्ट बेअरिंगला (लांब स्क्रूचा दाब घेणारं बारीक छर्र्यांचं बेअरिंग) काळं मोली ग्रीस. काळं ग्रीस मोठ्या छर्र्यांना लावलंत तर डिफ घसरणारच, मग कितीही आवळा.

स्क्रू आवळताना थोडा आवळा, डिफ फिरवा, परत थोडा आवळा, असं करत स्प्रिंग पूर्ण दाबली गेली की तिथून १/८ ते १/४ फेरा मागे, मॅन्युअलमध्ये जेवढं दिलंय तेवढं. मग गाडीत बसवून एक चाक हातात धरून अगदी हळू थ्रॉटलवर अर्धा मिनिट, नंतर दुसरं चाक धरून तेवढंच, आणि परत चेक. स्पर गियर (मोटर ज्याला फिरवते तो गियर) आणि एक चाक घट्ट धरा, दुसरं चाक अंगठ्याने फिरवायचा प्रयत्न करा. सहज फिरलं तर सैल आहे. गाडीला स्लिपर (जास्त झटका आला की घसरून गियर वाचवणारा क्लच) असेल तर आधी स्लिपरच घसरला पाहिजे, डिफ नाही.

गियर डिफ बांधणं यापेक्षा सोपं आहे पण बिनडोक नाही. ऑइल आतल्या पिना बुडतील इतकं भरा, बुडबुडे वर येईपर्यंत थांबा, झाकणाचे स्क्रू आडवे-तिडवे आवळा. ओ-रिंग गेली की गळतो, गळला की एका बाजूला धूळ चिकटून लगदा होतो, आणि ऑइल बदलायचं म्हणजे दर वेळी गियरबॉक्स उघडा. बॉल डिफला निदान ड्राइव्हशाफ्ट बाजूला केली की एलन कीवर भागतं.

पैशाचं म्हणाल तर गियर डिफचा सेट बहुतेक बाहेरूनच येतो, ड्यूटी धरून हिशोब करा, आणि मागवण्याआधी आपल्या गियरबॉक्सला बेअरिंगचं माप आणि गियरचे दात जुळतात का ते बघा, काही गाड्यांना केसच वेगळी लागते. बॉल डिफचं बरंच सामान इथेच भागतं. छर्रे बहुतेक बग्यांमध्ये ३/३२ इंची असतात (आपल्या भाषेत २.४ एमएम), नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगवाल्यांकडे चौकशी करा, फक्त सगळे एकाच पाकिटातले घ्या, मिसळलेले नकोत, एक जरी छर्रा मोठा निघाला तरी सगळा दाब त्याच्यावर येतो. साधे स्टीलचे छर्रे आपल्या दमट हवेत गंजतात. बजेट असेल तर सिरॅमिक घ्या, गंजायचा प्रश्नच नाही. कार्बाइड पण कडक असतात, सहज झिजत नाहीत, पण रिंग चांगल्या नसतील तर महागडे छर्रे टाकून काय उपयोग, आधी रिंग बदला.

फोर-डब्ल्यूडीवाल्यांनी हा सगळा विचार करूच नका, पुढे एक, मागे एक असे दोन बॉल डिफ सांभाळत बसायचं कशाला, सरळ गियर घ्या.

आणि बॉल डिफ ठेवलात तर जूनमध्ये गाडी माळ्यावर टाकायच्या आधी स्क्रू एक-दोन फेरे सैल करा, नाहीतर महिनोन्महिने एकाच जागी दाबून छर्रे रिंगवर ठसे उमटवतात. पावसाळा संपल्यावर आवळताना किती फेरे सोडले होते ते आठवत बसू नका, परत स्प्रिंग पूर्ण दाबा आणि तिथून मागे मोजा.